पाच हजारांना दिलेलं पासबुक

प्रिय 'पेठेतला परीक्षार्थी',

तुझी हकिकत आधी थोडक्यात, इतरांसाठी. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून तू राज्यसेवेचा अभ्यास करतोस. मेसमध्ये ओळख झालेल्या एकाने 'गेमिंगचे पैसे फिरवायला खातं हवंय' म्हणत महिना पाच हजारांवर तुझं पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम नेलं. आता खातं गोठलंय, परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आलीय. तू विचारतोस, खातं कसं सुटेल, पुढे पोस्ट अडकेल का, आणि घरी न कळता हे निस्तरता येईल का?

मावशी म्हणालास, तर आधी रागावून घेते. चार पानांच्या पत्रात ते पैसे कुणाचे होते हे तू एकदाही विचारलेलं नाहीस. 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटकेची भीती घालणाऱ्या तोतया पोलिसांच्या धाकाने कुणी निवृत्त माणूस एफडी मोडतो. ती रक्कम बघता बघता अशाच भाड्याच्या खात्यांत विखुरते आणि एटीएममधून निघून जाते. 'मी फक्त खातं दिलं' असं लिहिलंयस. त्यातला 'फक्त' खोड.

आता कामाचं. उद्या बँकेच्या शाखेत जा. खातं कुठल्या तक्रारीवरून गोठवलं, तिचा क्रमांक आणि पोलीस ठाणं विचार. नोटीस खरी की खोटी तेही त्यावरून कळेल. मग कलम बघ. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ९४ असेल तर कागदपत्रं मागितलीत. ३५(३) असेल तर हजर व्हायचंय, टाळलंस तर अटक होऊ शकते. वकिलाशी बोलल्याशिवाय जाऊ नकोस. पैशांची अडचण असेल तर मोफत विधी सहाय्यासाठी १५१०० वर फोन कर. सिम आजच बंद करून घे. खात्यात उरलेल्या पैशाला हात लावू नकोस, आणि त्या मुलाशी झालेलं चॅट लाज वाटली तरी पुसू नकोस. तुझ्या बाजूने बोलणारं तेवढंच आहे. 'इतके द्या, खातं उघडून देतो' म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठव.

पोस्टचं छातीठोक सांगता येणार नाही. निवड झाल्यावर साक्षांकन नमुन्यात गुन्ह्यांविषयी विचारतात. तिथे लपवलं तर तेवढ्यावरूनही नेमणूक जाऊ शकते. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने खरं लिहिणाऱ्याच्या प्रकरणाचाही विचार करण्याची मुभा नेमणूक करणाऱ्याला ठेवली आहे. म्हणजे खरं लिहिलं की काम झालं, असंही नाही. तरीही खरंच लिही.

वडिलांना 'बँकेचा घोळ झालाय' असं सांगू नकोस. वकिलाचा खर्च आला की ते सगळं विचारतीलच.

आणि शेवटच्या पानावर तू सहज लिहून गेलास, रूममेटनेही त्याच मुलाला पासबुक दिलंय आणि त्याचं खातं अजून चालू आहे. त्याला आत्ता उठव. बँकेला कळवून कार्ड बंद करायला सांग, आणि सकाळी शाखेत जाशील तेव्हा त्यालाही सोबत ने.

तुझी,
मावशी