‘आयन वाहतात’ आणि ‘पंप आयन वाहतो’

नाशिकरोडच्या एका जीवशास्त्राच्या शिक्षिकांनी विचारले आहे की, अकरावीच्या टिपणांत ‘आयन पेशीपटलातून वाहतात’, ‘पंप आयन वाहतो’ आणि ‘पंपामुळे आवेग निर्माण होतो’ अशी वाक्ये आली आहेत (आयन म्हणजे विद्युतभारित अणू, आणि आवेग म्हणजे चेतापेशीतून, म्हणजे मज्जासंस्थेच्या पेशीतून, धावणारा विद्युत संदेश). तर पहिल्या दोहोंत एकच क्रियापद चालेल का?

व्याकरणाच्या दृष्टीने चालेल. गोदावरी वाहते आणि हमाल ओझे वाहतो; ‘वाहणे’ अकर्मकही आहे आणि सकर्मकही. परंतु चेतापेशीच्या बाबतीत सगळे मर्म या दोन अर्थांतील फरकातच असल्यामुळे तेथे हा एकच शब्द दोन्हीकडे वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पटलाचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचा, गाभा मेदाचा असतो आणि विद्युतभारित आयनांना तो सहजी ओलांडता येत नाही. त्यांना वाट मिळते ती प्रथिनांच्या वाहिन्यांतून. वाहिनी उघडली की संहतीतील (आतल्या-बाहेरच्या द्रावणांतील प्रमाणातील) फरक आणि विद्युत विभव (व्होल्टेज) यांच्या एकत्रित ओढीने आयन आपोआप जातात. येथे ‘वाहतात’ हेच नेमके आहे. सोडियम-पोटॅशियम पंप हे पटलातलेच एक प्रथिन मात्र या ओढीविरुद्ध काम करते. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोउ यांनी खेकड्याच्या चेतांवर काम करून १९५७ मध्ये ज्याचे वर्णन केले, तो हा पंप एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचा) १ रेणू खर्चून ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. पाटबंधाऱ्यांच्या भाषेत हा भेद आधीपासूनच आहे: नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याचे पाणी उताराने येते ते प्रवाही सिंचन, आणि मोटार लावून उंचावरच्या द्राक्षबागेपर्यंत चढवावे लागते ते उपसा सिंचन. म्हणून ‘पंप सोडियम उपसतो’ असे लिहावे. उपसणे म्हणजे बाहेर काढणे, त्यामुळे पोटॅशियमसाठी ते शोभणार नाही. तेथे ‘आत ओढतो’ म्हणावे.

तिसऱ्या वाक्याबद्दल विचारणा नव्हती, पण खरी दुरुस्ती तेथेच हवी. पंप राखतो तो आयनांच्या संहतीतील फरक. त्या फरकामुळे पोटॅशियम आपल्या वाहिन्यांतून थोडेथोडे बाहेर झिरपत राहते, आणि मुख्यतः त्यामुळेच विश्रांतीत पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असते. प्रत्यक्ष आवेगात सोडियमच्या वाहिन्या उघडतात, सोडियम आत लोटते, साधारण १ मिलिसेकंदाच्या आत विभव धन बाजूला जाते, आणि मग पोटॅशियम बाहेर पडून ते पुन्हा खाली येते; हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूवरून (चेतापेशीच्या लांब धाग्यावरून) हे गणितासह मांडले. एका आवेगात जाणारे आयन एकूण साठ्याच्या मानाने इतके थोडे असतात, की विष देऊन पंप बंद पाडला तरी तो अक्षतंतू बराच काळ आवेग नेत राहतो.

तेव्हा टिपणात असे घ्यावे: ‘पंप सोडियम बाहेर उपसतो व पोटॅशियम आत ओढतो, त्यातून टिकलेल्या फरकामुळे, वाहिन्या उघडताच आयन वाहतात आणि आवेग निर्माण होतो.’