चौथी डिस्क जोडताना ‘-एफ’ नको

प्रश्न: घरच्या कॉम्प्युटरवर प्रॉक्समॉक्स (एकाच कॉम्प्युटरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टीम) टाकलं आहे आणि त्यातल्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये ट्रूनास ही डेटा साठवायची सिस्टीम चालते. डिस्कचा कंट्रोलर थेट त्या मशीनला पासथ्रू करून दिला आहे. ४ टीबीच्या तीन डिस्कचा रेड-झेड-१ पूल (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशी डिस्कची जोडणी) ८५ टक्के भरला, म्हणून तेवढीच चौथी डिस्क आणून लावली. ट्रूनासला ती दिसते, पण पूलमधली जागा वाढत नाही. कमांड लाइनवर ‘झेडपूल ॲड’ करून पाहिलं, तर ‘मिसमॅच्ड रेप्लिकेशन लेव्हल’ म्हणून नकार मिळाला. मित्र म्हणतो, पुढे ‘-एफ’ लाव, लगेच होईल. लावू का? प्रॉक्समॉक्स रोज रात्री मशीनचा बॅकअप घेतं, त्यामुळे डेटाची तशी काळजी नाही.

उत्तर: नका लावू, आणि हे उत्तर वाचून होईपर्यंत त्या कमांडला हातही लावू नका.

‘-एफ’ म्हणजे नकार धुडकावून जबरदस्तीने करणं. जागा लगेच वाढेल, हे मित्राचं म्हणणं खरं आहे. माझीही वाढली होती. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे अगदी तुमच्यासारखाच तीन डिस्कचा पूल होता. मलाही हाच नकार मिळाला, मी ‘-एफ’ लावलं आणि निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी ‘झेडपूल स्टेटस’ बघताना एका ओळीवर नजर अडकली. ‘रेड-झेड-१-०’ या नावाखाली तीन डिस्क थोड्या आत सरकून लिहिलेल्या होत्या. चौथी मात्र त्यांच्याबरोबर नव्हती. ती डावीकडे, ‘रेड-झेड-१-०’च्याच रांगेत एकटी उभी होती. त्या दोन-तीन अक्षरांच्या मोकळ्या जागेत सगळा अनर्थ होता.

ट्रूनास ज्या फाइल सिस्टीमवर चालतं त्या झेडएफएसचा पूल व्हीडेव्हचा, म्हणजे डिस्कच्या गटांचा बनतो. डिस्क बिघडली तर सावरून घ्यायची सोय व्हीडेव्हच्या आत असते, पूलमध्ये नसते. एक अख्खा व्हीडेव्ह गेला की पूलच गेला. ‘ॲड’ म्हणजे नवा व्हीडेव्ह. माझी चौथी डिस्क स्वतःच एक व्हीडेव्ह झाली होती, तिच्या पाठीशी कुणी नव्हतं. ती एकटी बिघडली असती तरी बाकीच्या तीन धडधाकट डिस्कवरचा डेटाही हातचा गेला असता. काढायला गेले, तर ‘झेडपूल रिमूव्ह’ने साफ नकार दिला, पूलमध्ये रेड-झेडचा व्हीडेव्ह असला की असं जोडलेलं काढता येत नाही. मग आणखी एक डिस्क आणून ‘अटॅच’ने तिचा मिरर, म्हणजे हुबेहूब जोड, केला, तेव्हा कुठे धोका कमी झाला. पुढे सगळा डेटा बाहेर काढून पूल नव्याने बांधावा लागला. तुम्हाला मिळालेला नकार ही अडचण नाही, तो झेडएफएसने वेळेवर धरलेला तुमचा हात आहे.

आता बॅकअपचं. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट हीच. कंट्रोलर पासथ्रू केला, म्हणजे त्या डिस्क प्रॉक्समॉक्सच्या हातून गेल्या. त्याला त्या दिसतच नाहीत. रोज रात्री जो बॅकअप होतो तो मशीनच्या व्हर्च्युअल डिस्कचा, म्हणजे ट्रूनासच्या सिस्टीमचा. पूलमधला एकही फोटो त्यात नाही. आधी एखादी बाहेरची डिस्क घ्या आणि जे पुन्हा मिळणार नाही ते तिच्यावर उतरवा. नव्या चौथ्या डिस्कवर नको, कारण पूलमध्ये घेताना ती पुसली जाईल.

तुम्हाला हवं ते काम आज सरळ मार्गाने होतं. रेड-झेडच्या व्हीडेव्हमध्ये एक-एक डिस्क वाढवायची सोय ओपनझेडएफएस २.३ मध्ये, जानेवारी २०२५ला आली. ट्रूनासने ती त्याआधीच २४.१० मध्ये दिली होती. त्याहून जुनं असेल तर आधी अपडेट करा. पूलची नवी फीचर्स चालू करायला ट्रूनास सुचवेल, तीही करावी लागतील, पण मग जुन्या आवृत्तीत परतायची वाट बंद होते. त्यानंतर पूलच्या डिव्हाइसेसच्या पानावर रेड-झेडची ओळ निवडा आणि ‘एक्स्टेंड’ दाबा. ‘ॲड व्हीडेव्ह’ हे वेगळं बटण आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. कमांडच्या भाषेत हे ‘अटॅच’, आणि ते डिस्कला नाही, ‘रेड-झेड-१-०’ला करायचं.

दाबण्याआधी पूलचं एक स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) आणि नव्या डिस्कची स्मार्टची लाँग टेस्ट (डिस्कने स्वतःची केलेली सविस्तर तपासणी) उरकून घ्या. यात काही तास जातील, ते जाऊ द्या. कारण एक्स्टेंड करताना पूलमधला सगळा डेटा वाचून चारही डिस्कवर पसरवला जातो, त्यामुळे कुठली डिस्क कुरकुरत असेल तर ते आधीच कळलेलं बरं. काम बराच वेळ चालतं. पूल तोवर वापरता येतो, मशीन रीस्टार्ट झालं तरी थांबलं तिथून पुढे सुरू होतं, आणि एक डिस्क गेली तर सावरून घेण्याची ताकदही मध्ये कधी सुटत नाही. शेवटी एक स्क्रब आपोआप होतं.

हे झाल्यावर आकडा बघून तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल, म्हणून आत्ताच सांगते. चार डिस्कच्या रेड-झेड-१मध्ये तीन डिस्कएवढी, म्हणजे १२ टीबी जागा मिळायला हवी. कॉम्प्युटरच्या मोजणीत ती सुमारे १०.९ टेबीबाइट होते. तुम्हाला मात्र साधारण ९.७च दिसेल. डिस्क खराब नाही आणि तुमचं काही चुकलेलंही नाही. जागेचा अंदाज झेडएफएस जुन्याच प्रमाणाने, दोन भाग डेटाला एक भाग पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा परत मिळवून देणारी माहिती) असं धरून सांगत राहतं. जुन्या फाइल्सही त्याच प्रमाणात पडून राहतात, नव्या फाइल्स तीनास एक या प्रमाणात लिहिल्या जातात. जुन्या फाइल्स पुन्हा लिहून काढल्या की थोडी जागा सुटते, पण स्नॅपशॉट (डेटा त्या त्या वेळी जसा होता तसा जपलेला) ठेवले असतील तर जुने ब्लॉक त्यांत अडकून बसतात आणि जागा उलट आणखी खाल्ली जाते. मी माझ्याकडे फक्त मोठ्या व्हिडिओ फाइल्स अशा पुन्हा लिहिल्या, त्याही त्यांचे जुने स्नॅपशॉट काढून टाकल्यावर. बाकीच्या होत्या तशाच ठेवल्या आहेत.