चोपन्नाव्या वर्षी एक डोळा गेला, तर मेंदूच्या पेशी खरंच जुळवून घेतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ५४ वर्षांचे, निफाडकडे द्राक्षबाग, छाटणीत काडी लागून उजवा डोळा कायमचा गेला, डावा चांगला आहे. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सवय होईल." या वयात मेंदूच्या पेशी बदलतात तरी का, अशी तुम्हाला शंका आहे.

बदलतात. पण सगळ्या पेशी सारख्या बदलत नाहीत, आणि वडिलांच्या काही अडचणी पेशींच्या भरवशावर सोडून चालणार नाही. मी नाशिकमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे. बागेतल्या कामात डोळ्याला इजा झालेली माणसं आमच्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जोडणी बघा. प्रत्येक डोळ्याच्या नसेतले निम्म्याहून किंचित जास्त तंतू वाटेत पलीकडच्या बाजूला जातात, उरलेले आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे डोक्याच्या मागच्या भागात जे दृष्टीचं केंद्र आहे, त्याच्या दोन्ही अर्ध्यांत दोन्ही डोळ्यांची माहिती पोहोचते. तिथं ती आधी शेजारशेजारच्या पट्ट्यांत उतरते, एक पट्टी डाव्या डोळ्याची, एक उजव्याची, प्रत्येक जेमतेम मिलिमीटरभर रुंद. त्यापुढच्या थरांतल्या बऱ्याचशा पेशींना दोन्ही डोळ्यांकडून संदेश मिळतात. उजवा डोळा गेला की या पेशींचा एक पुरवठा तुटतो, दुसरा चालूच राहतो.

मोठेपणी काही बदलत नाही, ही समजूत आली कुठून? डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. नंतर तो उघडला, तेव्हा मेंदूतल्या जवळजवळ सगळ्या पेशी दुसऱ्या डोळ्याच्या झालेल्या होत्या. मोठ्या मांजरावर तोच प्रयोग केला तर तसं काही झालं नाही. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं आणि 'लहानपणीच काय ते' हे पक्कं झालं. मला विशेष वाटतं ते पुढचं. त्याच वीझल यांनी चार्ल्स गिल्बर्ट यांच्याबरोबर १९९२ मध्ये दाखवलं, की प्रौढ प्राण्याच्या डोळ्याच्या पडद्यावर छोटी इजा झाली, तर ज्या पेशींचा पुरवठा तुटला त्या काही महिन्यांत पडद्याच्या शेजारच्या भागाला प्रतिसाद देऊ लागतात. यावर वाद आहे. २००५ मध्ये माकडांवरच्या एमआरआय अभ्यासात असा मोठा फेरबदल आढळला नव्हता.

उंदरांमध्ये मात्र हे फार बारकाईनं पाहिलं गेलंय. २००८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी पडद्याला इजा झालेल्या प्रौढ उंदरांच्या मेंदूतल्या त्याच त्या पेशी आठवडेच्या आठवडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. पेशींच्या फांद्यांवर संदेश घेणारे बारीक काटे असतात. पुरवठा तुटलेल्या भागात, दोनेक महिन्यांत ते जवळजवळ सगळेच नवे आले होते. शिवाय पेशींना दाबून ठेवणाऱ्या जोडण्या कमी होतात आणि उरलेल्या जोडण्या जोर धरतात. माणसांतही याची झलक दिसते. २०११ मध्ये इटलीत प्रौढांचा एक डोळा फक्त अडीच तास झाकून ठेवला, आणि पट्टी काढल्यावर थोडा वेळ झाकलेलाच डोळा वरचढ ठरला. कमी पडलेल्या संदेशाचा आवाज मेंदूनं स्वतःच वाढवला होता.

तरी 'एक डोळा गेला की दुसरा दुप्पट ताकदीचा होतो' यावर विश्वास ठेवू नका. मोठेपणी डोळा गेलेल्या माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा गेलेल्या डोळ्याच्या पट्ट्या त्यांत तशाच होत्या, फिक्या पडलेल्या. तेवढा आराखडा मोडून नव्यानं बांधला जात नाही.

आता वडिलांच्या कामाचं. नजरेच्या टप्प्यात उजव्या बाजूला अगदी कडेची साधारण ३० अंशांची पट्टी अशी आहे, जी फक्त उजव्याच डोळ्याला दिसायची. मधे नाक येतं, डावा डोळा तिथं पोहोचत नाही. त्या पट्टीच्या पेशींना दुसरा पुरवठाच नाही. उंदरांमध्ये अशा भागात पुढे मिशांच्या स्पर्शाची माहिती शिरते, पण त्यानं नजर परत येत नाही. द्वारका चौकात उजवीकडून येणारी रिक्षा पेशी बदलल्यानं दिसणार नाही, मान पूर्ण वळवल्यानंच दिसेल. चालताना तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला राहा.

अंतराचा अंदाज हा वेगळा भाग, आणि इथं खरी आशा आहे. दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकावरून मिळणारी खोली गेली, ती गेली. पण दिंडोरी रस्त्यानं जाताना जवळच्या वेली भरभर मागे पळतात आणि दूरचा रामशेज किल्ला जागचा हलत नाही, त्यावरून एका डोळ्यालाही अंतर कळतं. हीच युक्ती हात पोहोचेल एवढ्या अंतरात वापरायची: डोकं जरा डावी-उजवीकडे हलवायचं, जास्त सरकेल ती वस्तू जवळची. एक डोळा असलेली माणसं हे हळूहळू नकळत करू लागतात. बहुतेकांना काही महिने ते वर्षभर लागतं. तोवर चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवावं, आणि जिना उतरताना पायरीची कड पायानं चाचपावी. 'मेंदूचे व्यायाम' म्हणून विकली जाणारी महागडी पॅकेजेस घेऊ नका, रोजचं कामच पुरेसा सराव देतं.

एक गोष्ट निकडीची. आरपार जखमेनंतर क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती चांगल्या डोळ्यावरही उलटते, कधी आठवड्यांनी, कधी वर्षांनी. डावा डोळा लाल झाला, धूसर दिसू लागलं किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

छाटणीला परत जाता येईल, पण नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेट काचांचा, कडेनं झाकलेला चष्मा लावूनच. सुरुवातीला डाव्या हातानं काडी आधी धरायची आणि मग त्या हाताच्या अंदाजानं कात्री न्यायची.