एकाच जातीची दोन दगडी नाणी

प्रश्न : या जानेवारीत आम्ही कच्छला गेलो होतो. लखपतच्या वाटेवर एका ठिकाणी पांढुरक्या मातीत नाण्यांसारखे चपटे, गोल दगड पसरलेले दिसले. मुलाने खिसा भरून आणले. काही रुपयाएवढे आहेत, बरेचसे मसुराएवढे, आणि दोन-तीन तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. हे फोरॅमिनिफेरांचे जीवाश्म आहेत असं कळलं. मोठे आणि छोटे गोल दगड या दोन वेगळ्या जाती समजायच्या का? आणि जीव कधीच नामशेष झालेला असताना नुसत्या कवचावरून जात ठरवतात तरी कशी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. याच दगडांच्या चकत्या घासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. लखपत तालुक्यातली हरुडी आणि फुलरा ही दोन गावं आमच्या विषयात मोठी आहेत. तिथल्या खडकांच्या थरांना याच गावांची नावं दिली आहेत. साधारण 4 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता आणि तुमच्या मुलाच्या खिशातले जीव त्याच्या तळाशी राहत होते. एवढं घर बांधणारा प्रत्येक जीव एकाच पेशीचा होता.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला तीन प्रकार दिसतात, पण फोटोवरून मी जात सांगणार नाही. हे कवच बाहेरून फसवतं. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने पिरॅमिडजवळ मसुरासारखे खडे पाहिले आणि हे मजुरांच्या उरलेल्या जेवणाचे दगड झाले असं तिथे सांगतात, अशी नोंद केली. ते खडे म्हणजे न्युम्युलाइट, तुमच्याकडे बहुधा आहेत तसलेच नाण्यासारखे गोल फोरॅमिनिफेरा. पुढे 1826 मध्ये फ्रेंच निसर्गअभ्यासक द’ऑर्बिन्यीने कप्प्यांच्या मांडणीवरून या जीवांचं पहिलं नीट वर्गीकरण केलं, पण वेटोळं कप्पेदार कवच पाहून त्यांना नॉटिलस या वेटोळ्या कवचाच्या समुद्री प्राण्याशेजारी, म्हणजे माखल्यांच्या कुळात बसवलं. कप्प्यांमधल्या पडद्यांना नॉटिलससारख्या नळीऐवजी भोकं असतात, म्हणून ‘छिद्रधारी’ या अर्थाचं नाव त्यानेच दिलं. हे एकपेशीय जीव आहेत हे 1835 मध्ये दुजार्दॅंने दाखवलं. मांडणी अचूक टिपणारा माणूसही नात्यात इतका चुकू शकतो.

म्हणून आम्ही आधी भिंत पाहतो. कवच कशाचं आणि कसं बांधलंय? कुणी वाळूचे कण चिकटवून बांधतं. कुणाची भिंत चिनी मातीसारखी दुधी आणि बिनछिद्राची असते. कुणाची काचेसारखी, बारीक छिद्रांनी भरलेली. न्युम्युलाइट या काचेच्या गटातले. तुमचे तांदळाचे दाणे बहुधा अल्व्हिओलिना असावेत, आणि ते दुधी भिंतीचे. आता गंमत पाहा. त्यांच्या 20 कोटींहून अधिक वर्षं आधी समुद्रात फ्युझुलिना नावाचे जीव होते. तोच तांदळाचा आकार, आत तसेच वेढे. दोन्ही शेजारी ठेवले तर नवखा माणूस सख्खी भावंडं म्हणेल. पण फ्युझुलिनाची भिंत कॅल्साइटच्या सूक्ष्म कणांची, अगदी वेगळ्या जातकुळीची, आणि तो सगळा गट पर्मियन काळाच्या शेवटी, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी संपला. आकार पुन्हा जुळला, नातं नव्हतं.

भिंत कळली की मांडणी, आणि त्यासाठी दगड उघडावा लागतो. एक नाणं चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर चांगलं तापवा आणि लगेच थंड पाण्यात टाका. पुष्कळदा ते बरोबर मधून दोन चकत्यांत उकलतं. न उकललं तर कडेवर हलकी हातोडी. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि हे मुलाने एकट्याने करायचं नाही.

आत चकलीचे वेढे दिसले आणि प्रत्येक वेढ्यात आडवे पडदे घालून केलेले कप्पे असले, तर तो न्युम्युलाइट किंवा त्याचा जवळचा भाऊ ॲसिलिना. न्युम्युलाइटमध्ये नवा वेढा आधीच्या वेढ्यांना कांद्याच्या पापुद्र्यासारखा दोन्ही बाजूंनी झाकतो. ॲसिलिनात तो फक्त कडेला जोडला जातो, त्यामुळे वेढे बाहेरूनही मोजता येतात. चकलीच नसेल, लाकडाच्या ओंडक्यासारखी एकात एक वलयं असतील आणि प्रत्येक वलय विटांसारख्या चौकोनी कप्प्यांचं असेल, तर तो डिस्कोसायक्लिना. बाहेरून तोही चपटा, गोल, मधे फुगीर! कॅप्टन ग्रँटने कच्छमधून गोळा केलेले हे जीवाश्म 1840 मध्ये सोवर्बीने नावांसह प्रसिद्ध केले. डिस्कोसायक्लिना डिस्पान्सा, ॲसिलिना एक्स्पोनेन्स, अल्व्हिओलिना एलिप्टिका या नावांतला दुसरा शब्द त्याचाच. पहिला, म्हणजे प्रजातीचा (जवळच्या जातींच्या गटाचा), नंतरच्या लोकांनी आतली रचना पाहून बदलला.

आता तुमचा मूळ प्रश्न. एम.एस्सी.ला असताना मी कच्छच्याच, पण थोड्या नंतरच्या, ऑलिगोसीन काळातल्या थरातले नमुने पाहत होते. एकाच ढेकळातून दोन तऱ्हेची नाणी निघाली, एक दुसऱ्याच्या दुपटीहून मोठं. मी जुने ग्रंथ पाहून वहीत दोन नावं लिहिली : मोठा तो इंटरमीडियस, छोटा तो फिख्टेली. सरांनी दोन्ही चकत्या माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, “पाठीवरची नक्षी बघ, मग पहिला कप्पा शोध.” दोघांच्या पाठीवर तीच जाळी होती. मग कार्बोरंडम या घासायच्या कठीण पुडीवर मी दोन दिवस चकत्या घासल्या. छेद केंद्रातूनच जायला हवा. केसभर इकडेतिकडे झालं की पहिला कप्पा जातो आणि नमुना वाया. तीन गेले. चौथ्यात छोट्या नाण्याच्या मधोमध टपोरा, गोल कप्पा दिसला, साध्या भिंगातूनही दिसेल असा. मोठ्या नाण्यात वेढे किती तरी जास्त, आणि केंद्रातला कप्पा सूक्ष्मदर्शकाखालीही शोधावा लागला.

ती एकाच जातीची दोन रूपं होती. मोठ्या पहिल्या कप्प्याचं, छोट्या कवचाचं रूप अलैंगिक प्रजननातून येतं. आईच्या पेशीचा मोठा वाटा घेऊनच ते जन्मतं. दोन युग्मकं, म्हणजे लैंगिक पेशी, एकत्र येऊन जन्मलेलं रूप इवल्या कप्प्यापासून सुरुवात करतं आणि पुष्कळ मोठं होतं. पिढ्यांची ही आलटापालट 1895 मध्ये लिस्टरने जिवंत फोरॅमिनिफेरांत दाखवली. तोवर न्युम्युलाइटच्या जोड्यांना सर्रास दोन-दोन नावं दिली गेली होती. आता जोडीचं एकच नाव धरतात, जे आधी दिलं ते. फिख्टेली 1841 चं, इंटरमीडियस 1846 चं, म्हणून फिख्टेली राहिलं. छोटी रूपं संख्येने सहसा कितीतरी जास्त सापडतात, तुमच्या खिशातल्यासारखी. तेव्हा आकारावरून जाती पाडू नका. मला विचाराल तर आकार हे सगळ्यांत शेवटी पाहायचं लक्षण.

भिंतीवर मी इतका भर देते, पण तीही अंतिम साक्षीदार नाही. जिवंत फोरॅमिनिफेरांचा डीएनए तपासल्यावर दिसलं की वाळू चिकटवून घर बांधणारे सगळे एका घराण्याचे नाहीत. 2013 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात कप्प्याचा मूळ आकार, नळीसारखा की गोलसर, याला जास्त वजन दिलं आहे. न्युम्युलाइटचं सुदैव असं की त्याचे चुलत नातलग, ऑपरक्युलिना आणि हेटेरोस्टेजिना, हिंदी-प्रशांत महासागरात अजून जगतात, त्यामुळे त्याची जागा बरीच पक्की आहे. फ्युझुलिनाचा जवळचा वंशज कुणी उरला नाही. तिथे कवचाशिवाय विचारायचं कुणाला?

उरलेल्या दगडांचं आज एवढं करा : ज्या ठिकाणी उचलले त्याचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी त्याच डबीत ठेवा. थर माहीत नसेल तर माझ्या लेखी नमुन्याची निम्मी किंमत जाते. एक मोठं आणि एक छोटं नाणं उकलून, भिंगातून दोन्हींच्या केंद्राचा फोटो काढून पाठवा. पाठीवर जाळी आहे, रेषा आहेत की ठिपके, तेही कळवा. मग जातीचं बोलू.