गल्लीतली बुजत आलेली विहीर आम्ही दहा-बारा पोरांनी मिळून साफ करायची, तर सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात, विहीर जुनी दगडी, आत निर्माल्य, प्लास्टिक, गणपतीचे पाट आणि वर हिरवी साय. पोरं बिनपैशानं राबायला तयार आहेत, फक्त कुणी वाट दाखवायला नाही. अशी पोरं गावात असणं हेच मोठं भांडवल. म्हणूनच पहिली गोष्ट सांगतो ती त्यांच्या जिवाची: पहिल्या दिवशी कुणीही आत उतरायचं नाही.

वर्षानुवर्षं कुजलेल्या गाळात विषारी वायू अडकून असतात. फावडं लागलं की ते एकदम सुटतात, आणि हवेपेक्षा जड असलेले तळाशीच साचून राहतात. कंदील सोडून बघायची जुनी रीत पुरेशी नाही. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढं कळतं, पण जळत राहिला म्हणजे हवा चांगली असं नाही. शिवाय गाळातून मिथेन निघत असेल तर ज्योतच घात करते. अग्निशमन दलाकडे वायू मोजायचं यंत्र असेल तर त्यांना विनंती करा. नसेल तर ब्लोअरला लांब पाईप लावून तळापर्यंत ताजी हवा सोडा, आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर बंद करू नका. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर, वर दोर धरायला दोघं. आतला माणूस कोसळला तर वरच्यांनी दोर ओढायचा आणि ११२ ला फोन लावायचा. त्याला काढायला दुसऱ्यानं उडी घेतली की दोघं जातात. हे कामाआधी सगळ्यांकडून दोनदा वदवून घ्या.

दुसरा धोका इंजिनाचा. काठावर ठेवलेला साधा पंप सहा-सात मीटरपेक्षा खालचं पाणी ओढत नाही. मग कुणीतरी डिझेल इंजिन दोरानं मधल्या टप्प्यावर उतरवतं. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, आणि त्यानं माणूस बसल्या जागी जातो. इंजिन विहिरीत कधीच नको. गढूळ पाण्याला चालणारा पाण्यात बुडवायचा मड पंप भाड्यानं आणा, आणि माणूस उतरण्याआधी त्याची वायर बोर्डापासून काढून ठेवा.

वेळ एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा पहिला पंधरवडा. पाणी तळाला गेलेलं असतं आणि धूळवाफ पेरणीची, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात करायच्या पेरणीची, घाई अजून लागलेली नसते. गावात वार पाळत असतील, म्हणजे ठरावीक वारी काम बंद ठेवत असतील, तर तो दिवस सोडा. वळवाचं आभाळ भरलं की सगळ्यांना वर घ्या. विहीर पंचायतीची की खासगी, हे आधी उताऱ्यावर बघा. खासगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. अर्ज पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) नावे कन्नडमध्ये द्या, त्यात ‘तेरेद बावी’, म्हणजे उघडी विहीर, असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या.

पाणी एका दिवसात उपसू नका. भिंतीमागची जमीन पाण्यानं भरलेली असते. आतलं पाणी झटकन गेलं की बाहेरचा दाब दगड आत ढकलतो. रोज साधारण तिसरा हिस्सा काढा आणि सांध्यांवर नजर ठेवा. भिंतीतली पिंपळ-वडाची मुळं ओढू नका, मुळाबरोबर दगड येतो. करवतीनं भिंतीलगत कापा.

गाळ यारीनं (ओझं वर खेचायच्या यंत्रानं) काढा, हातानं बादल्या ओढून पोरं दुपारपर्यंत थकतात आणि थकल्यावरच अपघात होतात. गाळाचा ढीग काठापासून तीन मीटर तरी लांब टाका, नाहीतर पहिल्या पावसात तो परत आत. काच आणि खिळे असतातच. गमबूट, जाड हातमोजे आणि आधी धनुर्वाताचं इंजेक्शन यात काटकसर नको.

झरे सापडले की पहारीनं हलकेच मोकळे करा. इथं बरेच जण हौसेनं चूक करतात: विहीर चकाचक दिसावी म्हणून आतून तळापर्यंत सिमेंटचा गिलावा मारतात. त्यानं पाझर बुजतो आणि पावसाळ्यानंतरही विहीर कोरडी राहते. गिलावा वरच्या भागालाच, बाहेरचं घाण पाणी झिरपू नये म्हणून. पाऊण मीटर उंच कठडा आणि भोवती मीटरभर, बाहेर उतार दिलेला ओटा पुरे.

आता ब्लीचिंग पावडर. पहिलं गढूळ पाणी दोनदा उपसून टाका, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. मग हिशेब: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५. व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर असेल तर सुमारे ६३ घनमीटर, म्हणजे ६३ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून १६० ग्रॅम पावडर लागते. एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर नको. थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं निवू द्या. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरानं पाण्याखाली वर-खाली फिरवा. तळाचा चुना बाहेर फेका, तो आत गेला की पाणी जड होतं. तासाभरानं आशाताईंकडून ओटी टेस्ट करून घ्या, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते तिनं कळतं. प्यायला वापरण्याआधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलाच पाहिजे.

माझ्या मते खरी सेवा यानंतरची आहे. साफसफाईला पन्नास माणसं येतात, पण दर आठवड्याला पावडर टाकणारा एकच लागतो. तो आत्ताच ठरवा, शक्यतो विहिरीसमोर राहणारा, आणि आजारी पडला तर दुसरा कोण हेही. पावडरचा डबा घट्ट झाकणाचा हवा, ओल लागली की तिचा जोर जातो. बेळगावजवळच्या कट्टणभावी भागात समाजसेवक शिवाजी कागणीकर यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन पाणलोटाचं काम उभं केलं, तेही वर्षानुवर्षं तिथंच चिकाटीनं राहून.

आणि गणेश चतुर्थीच्या आधी विहिरीशेजारी विसर्जनाचा हौद तयार ठेवा. प्लास्टरची मूर्ती विरघळत नाही, तळाशी बसून झरे दाबते. नुसता ‘इथे विसर्जन करू नये’ असा फलक लावून भागत नाही, लोकांना मूर्ती न्यायला दुसरी जागा दिसली पाहिजे.