वाचकांचे प्रश्न : व्हेनिअरखालच्या सिमेंटची शेड

या अंकात दातांवर व्हेनिअर आणि कॅप चिकटवण्याच्या सिमेंटच्या रंगाविषयी (शेडविषयी) आलेले प्रश्न घेतले आहेत. काही पेशंटचे आहेत, काही नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांचे.

प्रश्न : वरच्या समोरच्या दोन दातांना पातळ व्हेनिअर बसवायचे ठरले आहे. डॉक्टर म्हणाले, ‘रंगाचं शेवटचं सिमेंटच्या वेळी बघू.’ व्हेनिअर लॅबमधून तयार होऊन येणार, मग आतल्या सिमेंटने रंग खरंच बदलतो का? (कोल्हापूर)

उत्तर : बदलतो. किती बदलतो ते व्हेनिअरच्या जाडीवर ठरतं. व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा सिरॅमिकचा पापुद्रा, साधारण ०.३ ते ०.७ मिमी जाडीचा. उजेड त्याच्यातून आत शिरतो, सिमेंटवर आणि खालच्या दातावर पडून परत येतो. म्हणजे आपल्याला दिसणारा रंग सिरॅमिक, सिमेंट आणि दात या तिघांचा मिळून असतो. व्हेनिअर अर्ध्या मिमीपेक्षा पातळ आणि अर्धपारदर्शक असेल तर खाली पांढरट सिमेंट लावलं की पिवळसर, हे आरशात सहज कळतं. १ मिमीच्या पुढे हा फरक झपाट्याने कमी होतो आणि दीड मिमी जाडीच्या झिर्कोनिया (कमी पारदर्शक सिरॅमिक) कॅपखाली जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे दाढेची कॅप बसवताना सिमेंटच्या रंगाची काळजी करायचं कारण नाही.

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही एवढंच करा : अपॉइंटमेंट दिवसा घ्या, लिपस्टिक न लावता जा, आणि पक्कं चिकटवण्याआधी खिडकीजवळ उभं राहून आरशात दात बघायला मागा. सिमेंट एकदा घट्ट झालं की रंग बदलायचा म्हणजे बहुतेक वेळा व्हेनिअर तासून काढून नवं करायचं.

प्रश्न : कॉलेजात ट्राय-इन पेस्टबद्दल (चिकटवण्याआधी रंग तपासायची पेस्ट) वाचलं, पण हाताने कधी केलं नाही. लिथियम डायसिलिकेटची (एक प्रकारचं मजबूत सिरॅमिक) सहा व्हेनिअर बसवायची आहेत. क्रम सांगाल का? (तरुण दंतवैद्य, जळगाव)

उत्तर : क्रमाची सुरुवात पेशंट खुर्चीत बसल्याबरोबर होते, कापूस किंवा रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावण्याच्या आधी. दात कोरडा पडला की पांढरा दिसू लागतो, कारण इनॅमलमधल्या (दाताच्या बाहेरच्या कठीण थरातल्या) पाण्याची जागा हवा घेते आणि उजेड विखुरतो. तोंड उघडं ठेवून काही मिनिटं गेली तरी फरक पडतो आणि मूळ रंग परत यायला तासन्‌तास लागतात, कधी पूर्ण दिवसही. शेजारचे दात कोरडे पडल्यावर शेड जुळवली तर व्हेनिअर हमखास जास्त पांढरं ठरतं आणि दुसऱ्या दिवशी पेशंट फोन करतो. उशीर झालाच असेल तर त्या दिवशी रंग ठरवू नका, पुढची तारीख द्या.

उजेडाकडे लक्ष द्या. ५५०० ते ६५०० केल्व्हिनचा (दिवसाच्या उजेडासारखा), रंगदर्शन निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा दिवा हवा. पिवळ्या बल्बखाली जुळलेली शेड उन्हात बिनसते. पेशंटचे कपडे भडक असतील तर राखाडी एप्रन पांघरा. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त टक लावून बघू नका. मध्ये राखाडी पृष्ठभागाकडे नजर न्या, नाहीतर डोळे त्या रंगाला सरावतात आणि फरक कळेनासा होतो.

तात्पुरतं सिमेंट पूर्ण काढा, पाणी आणि पमिसच्या बारीक भुकटीने दात स्वच्छ करा. युजेनॉल (लवंगतेलातला घटक) असलेलं तात्पुरतं सिमेंट मुळातच वापरू नका, त्याचा अंश राहिला तर रेझिन सिमेंट नीट घट्ट होत नाही. आधी प्रत्येक व्हेनिअर एकेकटं बसवून कड बघा, मग सहाही एकत्र बसवून शेजारच्याशी होणारा स्पर्श बघा. या टप्प्यावर रंगाचा विचार नको, कारण कोरड्या व्हेनिअरखाली हवेचा थर असतो आणि ते खडूसारखं दिसतं.

आता ट्राय-इन पेस्ट. ही पाण्यात विरघळणारी, ग्लिसरीनच्या आधाराची पेस्ट असते आणि तिचा रंग घट्ट झालेल्या सिमेंटशी मिळता ठेवलेला असतो. पहिल्यांदा नेहमी न्यूट्रल किंवा पारदर्शक शेड लावा. न्यूट्रलवरच रंग जुळला तर तिथेच थांबा. लॅबने केलेलं काम त्यात जसंच्या तसं दिसतं. जुळला नाही तर आधी उजळपणा बघा आणि मग पिवळेपणा. डोळे किलकिले केले की रंग पुसट होतो आणि उजळपणातला फरक ठळक दिसतो. व्हेनिअर शेजाऱ्यापेक्षा गडद वाटलं तर एक पायरी उजळ पेस्ट, फिकट वाटलं तर एक पायरी उबदार. व्हॅरिओलिंक एस्थेटिकसारख्या सिमेंटमध्ये लाइट प्लस, लाइट, न्यूट्रल, वॉर्म, वॉर्म प्लस अशा पाचच पायऱ्या असतात आणि त्या बहुतेक वेळा पुरतात. इथे एक गल्लत सर्रास होते. शेड गाइडमध्ये (दातांच्या रंगांच्या नमुना-पट्टीत) पेशंटचा दात ए२ या शेडचा आला म्हणून सिमेंटही ए२ घेतलं जातं. गाइडवरचा ए२ हा जाड, पक्क्या दाताचा रंग आहे आणि सिमेंट हा त्याखालचा एक पातळ थर. दोन्हीकडे नाव एक असलं तरी त्यांचं काम वेगळं आहे, म्हणून नावावर न जाता तोंडात लावून बघूनच निवडा.

दोन शेड कालवून मधली शेड करायचा मोह होतो. टाळा. कालवताना हवेचे बुडबुडे आत राहतात, पेस्टचं आणि सिमेंटचं प्रमाण तंतोतंत सारखं येत नाही, आणि कालवलेली शेड सहाव्या व्हेनिअरपर्यंत एकसारखी राहत नाही. त्यापेक्षा सुळ्याला एक पायरी उबदार आणि मधल्या दातांना न्यूट्रल, असं प्रत्येक दाताला वेगळं सिमेंट लावलेलं बरं. सुळे तसेही निसर्गतः जरा पिवळेच असतात.

पेशंटने आरशात बघून होकार दिला की शेड केसपेपरवर लिहा आणि शेड टॅब (गाइडमधला नमुना दात) त्याच पातळीत धरून फोटो काढा. पेशंटला ट्राय-इनच्या वेळी दात आवळायला सांगू नका. न चिकटलेलं व्हेनिअर तेवढ्या दाबाने तडकतं. धुताना बेसिनच्या भोकावर गाळणी ठेवा.

मग पेस्टचा अंश घालवा : पाण्याचा जोरदार फवारा, आणि अल्ट्रासॉनिकमध्ये काही मिनिटं. मग एचिंग, म्हणजे आम्लाने पृष्ठभाग खरखरीत करणं : लिथियम डायसिलिकेटला ५ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल २० सेकंद, जास्त नाही. जास्त वेळ ठेवलं तर सिरॅमिक कमकुवत होतं. फेल्डस्पॅथिक सिरॅमिकला (पोर्सेलिनला) मात्र त्याच आम्लाचा एक मिनिट लागतो. हे आम्ल कातडीला आणि डोळ्यांना अतिशय घातक आहे, ते तोंडाबाहेरच, हातमोजे आणि चष्मा घालून वापरा. लॅबने आधीच एचिंग करून पाठवलं असेल तर ट्राय-इननंतर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल एक मिनिट फिरवा आणि धुवा. शेवटी सायलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं द्रव) ६० सेकंद, मग हवेने वाळवा. दातावर रबर डॅम, शेजारच्या दातांना टेफ्लॉन टेप, इनॅमलला फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद, धुणं, बाँडिंग (चिकटवणारं द्रव). खुर्चीचा दिवा बाजूला करा, नाहीतर लाइट क्युअर (उजेडाने घट्ट होणारं) सिमेंट बसवता बसवताच आवळायला लागतं. व्हेनिअर हलक्या बोटाने सरकवत बसवा, एक-दोन सेकंद लाइट द्या, जास्तीचं सिमेंट काढा, फ्लॉस फिरवा. कडेवर ग्लिसरीन जेल लावून आतून आणि बाहेरून प्रत्येकी २० ते ४० सेकंद लाइट द्या. जेल न लावल्यास हवेतल्या ऑक्सिजनमुळे कडेचा थर चिकट राहतो आणि तिथेच पुढे चहाचा, तंबाखूचा तपकिरी डाग धरतो.

प्रश्न : ट्राय-इनला रंग हुबेहूब जुळला होता. लावल्या दिवशीच थोडा वेगळा वाटला आणि वर्षाभरात व्हेनिअर पिवळट झालं. चूक पेस्टची की सिमेंटची? (दंतवैद्य, पुणे)

उत्तर : दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत. त्याच दिवशी वाटलेला फरक हा बहुधा रबर डॅमखाली कोरड्या पडलेल्या दातांचा. दोन दिवसांनी पुन्हा बघा, तेव्हाच निकाल द्या. शिवाय पेस्ट एका कंपनीची आणि सिमेंट दुसऱ्याचं असेल तर रंग जुळण्याची अपेक्षाच ठेवू नका. नळीतलं सिमेंट कागदावर काढून रंग ठरवणं तर पूर्ण चुकीचं आहे. लाइट क्युअरमध्ये कँफरक्विनोन हे पिवळं रसायन असतं, लाइट दिल्यावर त्याचा पिवळेपणा उतरतो, म्हणून कच्चं सिमेंट पक्क्यापेक्षा पिवळं दिसतं.

वर्षभरात चढलेला पिवळेपणा मात्र सिमेंटच्या प्रकाराकडे बोट दाखवतो. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अमाइन यांच्यावर चालणाऱ्या ड्युअल क्युअर (उजेडाने आणि रसायनानेही घट्ट होणाऱ्या) सिमेंटमध्ये उरलेलं अमाइन हळूहळू ऑक्सिडाइज होतं आणि पिवळं-तपकिरी पडतं. जाड कॅपखाली ते लपतं, ०.४ मिमी व्हेनिअरखाली लपत नाही. म्हणून पातळ व्हेनिअरला शुद्ध लाइट क्युअर किंवा अमाइनविरहित सिमेंटच वापरावं. ड्युअल क्युअर तिथे हवं जिथे उजेड पोहोचत नाही : दीड-दोन मिमीपेक्षा जाड किंवा अपारदर्शक काम. पिवळेपणा फक्त कडेच्या रेघेत असेल तर कारण रसायन नसून फट किंवा अपुरा लाइट आहे. ती कड पॉलिश करून बघा.

प्रश्न : आमच्या भागातल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर पांढरे आणि तपकिरी चट्टे आहेत, शिवाय एक दात रूट कॅनॉलनंतर काळपट झाला आहे. खाली अपारदर्शक पांढरं सिमेंट लावून वर पातळ व्हेनिअर बसवलं तर झाकलं जाईल का? (यवतमाळ)

उत्तर : नाही, आणि या उपायाचा आग्रह कोणी धरला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सिमेंटचा थर मिमीच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. एवढ्या थरात काळपट दात झाकण्याइतकी ताकद नसते. पांढरं अपारदर्शक सिमेंट घातलं तर दात निर्जीव, चुना फासल्यासारखा दिसतो, हिरडीजवळ पांढरी रेघ उठते, आणि तरीही खालची काळी छटा राखाडी होऊन डोकावते. चट्ट्यांचं तर आणखी अवघड आहे. सिमेंट सगळीकडे एकाच रंगाचं असतं आणि चट्टे जागोजागी वेगळे. पातळ व्हेनिअरमधून ते जसेच्या तसे दिसतात.

रंग आधी खालून सुधारायचा असतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यातल्या फ्लोरोसिसच्या चट्ट्यांना आधी मायक्रोअब्रेजन करतात, म्हणजे आम्ल आणि बारीक भुकटीने वरचा पातळ थर घासून काढतात. कित्येकांना त्यानंतर व्हेनिअरची गरजच उरत नाही. व्हेनिअर करायचंच झालं तर असं इनॅमल आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे एचिंग नेहमीपेक्षा जास्त वेळ करावं लागतं. काळपट पडलेल्या रूट कॅनॉलच्या दाताला आतून ब्लीचिंग करता येतं : रूट कॅनॉलच्या भरावावर २ मिमी ग्लास आयोनोमर सिमेंटचा अडसर, त्यावर रंग उजळणारं सोडियम परबोरेट पाण्यात कालवून, काही दिवसांनी बदलत. तरीही रंग उरला तर डॉक्टर तासलेल्या दाताची शेड वेगळी नोंदवून लॅबला पाठवतात. त्यासाठी स्वतंत्र गाइड मिळतं. लॅब मग कमी पारदर्शक सिरॅमिक निवडते. साधारण हिशेब असा की एक शेड उजळ करायला ०.२ ते ०.३ मिमी जास्त जाडी लागते. तुमचा दात तीन शेडने काळा असेल तर पातळ व्हेनिअर हा पर्यायच नाही, तिथे पूर्ण कॅप प्रामाणिक ठरते.

प्रश्न : मागे धातूचे पंख असलेला मेरीलँड ब्रिज (शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला खोटा दात) बसवल्यापासून शेजारचा चांगला दात राखाडी दिसतो. (सांगली)

उत्तर : समोरचे दात कडेला पातळ असतात, मागच्या धातूची सावली त्यातून पुढे येते. इथे मात्र अपारदर्शक सिमेंट हाच योग्य उपाय आहे, कारण झाकायचा धातू दाताच्या मागे आहे आणि सिमेंटपुढे दाताची पुरेशी जाडी आहे. तुमचा ब्रिज पारदर्शक सिमेंटने लावला असेल तर सुटून आल्यावर तो स्वच्छ करून अपारदर्शकने पुन्हा लावता येईल. मुद्दाम उपसून काढू नका.

प्रश्न : ब्लीचिंग आधी की व्हेनिअर आधी? (ठाणे)

उत्तर : ब्लीचिंग आधी. सिरॅमिक आणि सिमेंटवर ब्लीचचा परिणाम होत नाही, त्यामुळे नंतर केलं तर बाकीचे दात उजळतील आणि व्हेनिअर जुन्या रंगाचं राहील. ब्लीचिंग संपल्यावर किमान दोन आठवडे थांबा. त्या काळात रंग थोडा मागे येऊन स्थिरावतो आणि दातात राहिलेला ऑक्सिजन निघून जातो. तो असताना सिमेंट लावलं तर पकड कच्ची राहते. शेड या दोन आठवड्यांनंतरच घ्यायला सांगा, लॅबला काम पाठवण्याआधी.