जुन्या व्यावसायिक इमारतीचं नूतनीकरण करताना वायरिंगचं नियोजन कुठून सुरू करावं? जुन्या वायरी ठेवल्या तर चालेल का?

उत्तर: आधी लोड (एकूण किती वीज लागेल ते) मोजा, फॉल्स सीलिंगचं डिझाइन नंतर. एसी, लिफ्ट, पंप, सर्व्हर, दिवे यांचे किलोवॅट मांडा आणि त्यातलं एकाच वेळी किती चालेल ते ठरवा. उदाहरणार्थ, ५० किलोवॅटला ४०० व्होल्ट थ्री फेजवर, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) ०.९ धरला तर साधारण ८० अँपिअर लागतात. मेन केबल आणि ब्रेकर यावरून ठरतात. पुढच्या वाढीसाठी पॅनेलमध्ये २०-२५ टक्के जागा मोकळी सोडाच.

जुन्या वायरी नुसत्या बघून ठरवू नका. मेन बंद करून, करंट नाही याची टेस्टरने खात्री करून, इलेक्ट्रिशियनला डीबी (वीज वाटणारा डिस्ट्रिब्युशन बोर्ड) उघडायला सांगा. न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरच्या) स्क्रूजवळ इन्सुलेशन तपकिरी पडलंय का, वायर जराशी वाकवली की त्याला तडे जातात का, ते बघा. जात असतील तर ती वायर काढाच. बाकीच्यांची ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) चाचणी घ्या. १ मेगओहमच्या खाली आलेली वायर ठेवू नका.

न्यूट्रलकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि मला काळजी त्याचीच वाटते. जुन्या इमारतींत तो अनेकदा फेजपेक्षा बारीक असतो. संगणक आणि एलईडी ड्रायव्हरमुळे तयार होणारे तिसरे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचे करंट) न्यूट्रलमध्ये एकमेकांना काटत नाहीत, त्यांची बेरीज होते. फेज समतोल असूनही न्यूट्रल तापतो. नवीन केबल घेताना तो निदान फेजइतका जाड घ्या.

सॉकेटना ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) हवीच. अर्थिंगचा रोध नव्याने मोजून घ्या. भिंती बंद करण्याआधी वायरींच्या प्रत्येक पाइपलाइनचे फोटो काढून ठेवा.